जाम झालेला एक्सल नट : आधी निदान, मग जोर

खरीप हंगामातील कीडनियंत्रणाचे वेळापत्रक शेतकऱ्याच्या सोयीने ठरत नाही. ते किडीच्या जीवनक्रमाने ठरते. कपाशीच्या शेतातील कामगंध सापळ्यांत सलग तीन रात्री प्रत्येकी आठ किंवा त्याहून अधिक गुलाबी बोंडअळीचे पतंग आढळले की उपाययोजनेची वेळ आली असे समजले जाते. उत्तर प्रदेशात उसावरील शेंडा पोखरणाऱ्या अळीच्या तिसऱ्या पिढीविरुद्धचा उपाय जूनअखेर ते जुलैचा आरंभ एवढ्या अल्प अवधीतच करावा लागतो. ही मुदत टळली की अळी बोंडात किंवा शेंड्यात शिरते आणि त्यानंतर केलेली फवारणी बहुतांशी वाया जाते.

नेमक्या याच दिवसांत फवारणी पंपाच्या ट्रॉलीचे बेअरिंग वाजू लागते, किंवा गावोगाव फिरणाऱ्या विस्तार कार्यकर्त्याच्या स्कूटरचे मागचे चाक डगमगू लागते. बेअरिंग बदलणे हे तसे तासाभराचे काम. परंतु त्यासाठी आधी एक्सलचा नट काढावा लागतो आणि तो निघत नाही. मग पान्यावर पाय, पान्यावर पाइप, पाइपावर दोन माणसे, शेवटी घण आणि गॅसची ज्योत असा क्रम सुरू होतो. त्यात कधी पाना निसटून हाताची बोटे सोलवटतात, कधी जॅकवरून गाडी घसरते, तर कधी नटाबरोबर एक्सलचे आटेही जातात. तासाभराच्या कामाचे चार दिवस होतात आणि फवारणीची वेळ निघून जाते.

हे वृत्तपत्र मुख्यतः पीकसंरक्षणाविषयी असते. तरीही या विषयाला येथे स्थान देण्याचे कारण केवळ वेळेपुरते नाही. जाम झालेला नट काढण्याची योग्य पद्धत आणि एकात्मिक कीड व्यवस्थापनाची पद्धत यांत विचाराचे विलक्षण साम्य आहे. दोन्हींत आधी निदान करावयाचे असते, सौम्य उपाय आधी योजावयाचे असतात, तीव्र उपाय राखून ठेवावयाचे असतात आणि कोणत्या टप्प्यावर कशाचा त्याग करावा हे आरंभीच ठरवून ठेवावयाचे असते.

निशातगंजमधील एक उदाहरण

लखनौमधील निशातगंज ही गोमती नदीपलीकडची जुनी, दाट वस्ती आहे. येथील घरांच्या ओसरीत आणि जिन्याखाली अद्यापही जुन्या स्कूटर दिसतात व त्यांची डागडुजी बहुधा घरीच होते. त्यांपैकी एक नाव लखनौचे स्वतःचे आहे, ते म्हणजे ‘विजय सुपर’. इटलीतील इनोसेंटी कंपनीच्या लँब्रेटा स्कूटरची यंत्रसामग्री व हक्क विकत घेऊन भारत सरकारने 1972 मध्ये ‘स्कूटर्स इंडिया लिमिटेड’ स्थापन केली. तिचा कारखाना लखनौ-कानपूर मार्गावर सरोजिनीनगर येथे होता. तेथेच विजय सुपर आणि पुढे उत्तर भारतातील रस्ते व्यापून टाकणारा ‘विक्रम’ हा तीनचाकी टेंपो तयार होऊ लागला. दुचाकींचे उत्पादन 1997 मध्ये थांबले. महाराष्ट्रातील वाचकांना लँब्रेटाची ओळख त्याही आधीची आहे. मुंबईतील ‘ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया’ ही कंपनी ती बनवीत असे. पुढे 1972 पासून पुण्याच्या आकुर्डीतून निघालेल्या बजाज चेतकने खेड्यापाड्यांतील दूध, खत आणि कीटकनाशके वाहिली.

विजय सुपरचे मागचे चाक ज्या हबवर बसते, तो हब निमुळत्या दंडावर घट्ट दाबून बसविलेला असतो आणि मध्यभागी एकाच मोठ्या नटाने धरलेला असतो. मागच्या ब्रेकचे लायनर बदलावयाचे असले तरी हा नट काढल्यावाचून गत्यंतर नसते. आमच्या शेजारच्या एका निवृत्त शिक्षकांनी गेल्या पावसाळ्यात हे काम घरीच करावयाचे ठरविले. स्कूटर कित्येक वर्षे उघडलेली नव्हती. पहिल्या दिवशी दोन तरुणांनी मिळून लांब पाइप लावून जोर केला. नट तसूभरही हलला नाही, उलट पान्याच्या गोटीला तडा गेला. त्यानंतर ओळखीच्या मिस्त्रीला बोलाविण्यात आले. त्याने पान्याला हात लावण्यापूर्वी तारेच्या ब्रशने नटाभोवतालची काळी राड खरवडून काढली. तेव्हा राडेखाली नटाला अडवून धरणारी पत्र्याची लॉक प्लेट आणि तिचा लहानसा बोल्ट दिसू लागला. तो बोल्ट अद्याप जागेवरच होता. दोन माणसांचा जोर गंजाशी नव्हे, तर त्या पत्र्याशी झुंजत होता!

लॉक प्लेट काढल्यावरही नट लगेच सुटला नाही, कारण गंजही होताच. परंतु आता नेमके काय करावयाचे ते ठाऊक होते. रात्रभर तेल मुरवून दुसऱ्या दिवशी दुसऱ्या प्रयत्नात नट सुटला. त्यानंतर हब निमुळत्या दंडावर घट्ट चिकटलेला होता. तो ठोकून न काढता, हबच्या आट्यांत बसणाऱ्या खास पुलरने ओढून काढण्यात आला. या उदाहरणातील तात्पर्य स्पष्ट आहे. नट ‘जाम’ आहे एवढे म्हणणे म्हणजे पीक ‘पिवळे’ पडले आहे असे म्हणण्यासारखेच आहे. ते लक्षण झाले, निदान नव्हे.

नट का सुटत नाही? पाच कारणे

पहिले कारण म्हणजे न काढलेली अटक. एक्सल नट आपोआप सुटू नये म्हणून त्याला काही ना काही कुलूप असतेच. चेतकमध्ये आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांत नटाच्या किंवा त्यावरील टोपीच्या खाचांतून स्प्लिट पिन घातलेली असते. विजय सुपरमध्ये लॉक प्लेट असते. अनेक मोटारींत नटाची पातळ कडा एक्सलच्या खोबणीत ठोकून दाबलेली असते; ती बारीक छिन्नीने आधी वर उचलावी लागते. ती न उचलता नट फिरविला तर दबलेली कडा एक्सलचे आटे ओरबाडीत बाहेर येते. गंजलेली स्प्लिट पिन तुटली तर तिचा तुकडा छिद्रात शिल्लक राहतो. म्हणून पिनेचे पाय आधी सरळ करावेत, तेल सोडावे आणि नंतर डोक्याकडून ओढावे.

दुसरे कारण म्हणजे चुकीची दिशा. बहुतेक नट सुलट्या आट्यांचे असतात व नटाकडे तोंड करून उभे राहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सुटतात. परंतु सर्वच नट असे नसतात. काही जुन्या जीपगाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असत. सायकलच्या डाव्या पायडलला आजही उलटे आटे असतात. शंका असल्यास नटाबाहेर डोकावणारे आटे स्वच्छ करून पाहावेत. एक्सल उभा धरला आहे अशी कल्पना केली असता आटे डावीकडून उजवीकडे वर चढत असतील तर ते सुलटे. उजवीकडून डावीकडे चढत असतील तर उलटे.

तिसरे कारण म्हणजे मुळातील घट्टपणा. नट आवळताना आपण जो पीळ देतो, त्यातील सुमारे 90 टक्के घर्षणात खर्ची पडतो. जवळपास निम्मा नटाच्या बुडाखाली आणि उरलेला आट्यांत. प्रत्यक्ष पकडीसाठी जेमतेम 10 टक्केच उरतो. घर्षणाचा हा मोठा वाटाच नटाला जागेवर धरून ठेवतो आणि सोडविताना तोच आपल्याला विरोध करतो. म्हणूनच तेल केवळ आट्यांत सोडून भागत नाही. नटाच्या बुडाखालीही ते पोहोचले पाहिजे.

चौथे कारण म्हणजे गंज. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. आट्यांमधील केसाएवढ्या फटीत तो तयार झाला की पाचर ठोकल्याप्रमाणे नट आणि एक्सल यांना आवळून धरतो.

पाचवे कारण म्हणजे मोडलेले आटे. मागील वेळी कोणी नट तिरका चढविला असेल किंवा एक्सलच्या टोकावर थेट घण घातला असेल, तर टोकाचे आटे चेपलेले असतात. लखनौचे मिस्त्री आट्यांना ‘चूडी’ म्हणतात आणि असे झाले की ‘चूडी मर गई’ म्हणून मोकळे होतात. अशा वेळी नट आरंभी सहज फिरतो आणि शेवटच्या दोन-तीन आट्यांवर अडतो. तेथे जोर न करता नट थोडा मागे फिरवून, बाहेरील आटे बारीक त्रिकोणी कानशीने नीट करून मगच पुढे जावे.

फवारणीची द्रावणे आणि खते : गंजाचे मित्र

शेतीकामातील वाहनांचे नट शहरातील वाहनांपेक्षा लवकर का जाम होतात, याचे उत्तर आपल्या कोठारातच आहे. म्युरेट ऑफ पोटॅश या खतात वजनाच्या जवळपास निम्मा भाग क्लोराइडचा असतो आणि क्लोराइड हा गंजाला चालना देणारा घटक आहे. खताची पोती वाहणाऱ्या ट्रॉलीच्या हबवर हे क्षार सांडतात, पावसाच्या किंवा दवाच्या ओलाव्यात विरघळतात आणि नटाच्या फटीत उतरतात.

ताम्रयुक्त बुरशीनाशकांचा परिणाम वेगळ्या प्रकारचा असतो. बोर्डो मिश्रण आम्लधर्मी राहिले आहे काय हे पाहण्यासाठी आपण त्यात लोखंडी विळा किंवा चाकू बुडवितो. पात्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना घालतो. त्या पात्यावर चढलेले तांबे हे विरघळून गेलेल्या लोखंडाच्या मोबदल्यात आलेले असते. हीच क्रिया पंपाच्या ट्रॉलीच्या नटावर, बोल्टवर आणि चाकाच्या दंडावर घडू शकते. शिवाय लोखंडावर बसलेले तांबे ओलाव्याच्या सान्निध्यात शेजारच्या लोखंडाचा क्षय अधिक वेगाने घडवून आणते. त्यामुळे फवारणीनंतर केवळ पंप आणि नोझल धुवून थांबू नये. चाकांचे हबही स्वच्छ पाण्याने धुवून कोरडे करावेत.

नट काढण्याची क्रमवार पद्धत

पहिली पायरी, गाडी स्थिर करणे. नट सैल करण्याचे काम शक्यतो चाक जमिनीवर असतानाच करावे. जॅकवर उचललेल्या गाडीवर मोठा पीळ देऊ नये. विरुद्ध बाजूच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. मोटारीत पहिला गिअर व हातब्रेक लावावा. स्कूटरवर दुसऱ्या व्यक्तीने बसून मागचा ब्रेक दाबून धरावा. चाक उचलणे अपरिहार्य असेल तर जॅकखेरीज भक्कम घोडी किंवा लाकडी ओंडका गाडीखाली द्यावा. केवळ विटांच्या आधारावर विसंबू नये. वीट भार पडताच अकस्मात फुटते.

दुसरी पायरी, स्वच्छता व निरीक्षण. तारेच्या ब्रशने नट, वॉशर आणि बाहेर दिसणारे आटे घासून काढावेत. ब्रश शक्यतो एक्सलच्या टोकाकडून नटाकडे आट्यांच्या वळणाने फिरवावा, म्हणजे खाचांतील राड निघते. अटक शोधून काढावी. आट्यांची दिशा पाहावी. वर सांगितलेल्या पाच कारणांपैकी कोणती कारणे येथे लागू आहेत हे मनाशी ठरवावे. या पायरीला दहा मिनिटे पुरतात आणि पुढील अनेक तास वाचतात.

तिसरी पायरी, तेल व प्रतीक्षा. गंज सैल करणारे तेल बाजारात फवाऱ्याच्या डब्यात मिळते. ते नसल्यास डिझेल किंवा रॉकेलही कामी येते. पातळ तेल केशाकर्षणाने फटीत शिरते, परंतु त्याला वेळ लागतो. म्हणून सायंकाळी तेल सोडावे, झोपण्यापूर्वी पुन्हा सोडावे आणि सकाळी नटाला हात लावावा. तेल मुरताना नटाच्या बाजूंवर हातोडीने हलके, थोडे थोडे ठोके द्यावेत. त्या कंपनाने गंजाच्या थराला सूक्ष्म तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. ठोके नटाच्या बाजूवर द्यावेत, एक्सलच्या टोकावर कदापि देऊ नयेत. ब्रेकचे लायनर आणि ड्रमचा आतील भाग यांवर तेल जाऊ देऊ नये; तेलकट झालेला ब्रेक लागत नाही.

चौथी पायरी, योग्य पाना. फिक्स पाना किंवा सरकता पाना एक्सल नटासाठी वापरू नये. तो नटाच्या दोनच बाजू पकडतो आणि कोपरे गोल करतो. सहा कोनांची, जाड भिंतीची गोटी घ्यावी. बारा कोनांची गोटी चढविण्यास सोपी असली तरी जोरात ती कोपऱ्यांवर घसरते. गोटी नटावर पूर्ण खोल बसली आहे याची खात्री करावी. नटाच्या मापाची गोटी नसेल तर ती विकत किंवा उसनी आणावी. चिंधी किंवा पत्रा घालून जवळच्या मापाची गोटी बसविण्याचा उपद्व्याप करू नये.

पाचवी पायरी, मोजूनमापून जोर. जोर वाढविण्यापेक्षा दांडीची लांबी वाढविणे केव्हाही बरे. 30 सेंटिमीटर लांबीच्या दांडीवर 30 किलोचा जोर दिला तर नटावर सुमारे 88 न्यूटन-मीटर पीळ पडतो. तोच जोर 1 मीटर लांबीच्या दांडीवर दिला तर सुमारे 294 न्यूटन-मीटर. अनेक लहान मोटारींचे एक्सल नट कारखान्यातच 150 ते 250 न्यूटन-मीटर पिळाने आवळलेले असतात. आखूड पान्याने ते न सुटणे हा गंजाचा दोष नसून गणिताचा आहे. मात्र दांडीवर पाइप चढविताना तो दांडीवर निम्म्याहून अधिक आत जाईल असा घ्यावा. दांडी आपल्याकडे ओढावी, दूर लोटू नये. लोटताना पाना निसटला तर सारा देह पुढे आदळतो. दांडीवर उभे राहून उड्या मारू नयेत. पीळ सावकाश वाढवावा. नट हलला नाही तर आधी थोडा आवळण्याच्या दिशेने आणि मग सोडण्याच्या दिशेने पीळ द्यावा. गंजाची पकड कित्येकदा या उलटसुलट हालचालीने मोडते.

एवढे करूनही नट सुटला नाही तर हवेवर चालणाऱ्या इम्पॅक्ट पान्याचा विचार करावा. तालुक्याच्या ठिकाणच्या बहुतेक टायरच्या दुकानांत तो असतो. त्याचे झटपट, लहान-लहान आघात सलग जोरापेक्षा गंजावर अधिक परिणामकारक ठरतात. तेल मुरविलेली ट्रॉली किंवा मोटार तेथवर नेणे शक्य असेल तर हा मार्ग ज्योतीपेक्षा स्वस्त आणि सुरक्षित आहे. मात्र काढलेली अटक तशीच ठेवून वाहन हलवू नये. नेण्यापुरती का होईना, पिन पुन्हा घालावी.

ज्योत : राखून ठेवण्याचा उपाय

नट तापविला की तो प्रसरण पावतो आणि सैल होतो, हे खरे आहे. 24 मिलिमीटर व्यासाचा पोलादी नट 150 अंश सेल्सिअसने तापविला तर त्याच्या छिद्राचा व्यास सुमारे 0.04 मिलिमीटरने वाढतो. हा आकडा लहान वाटला तरी गंजाची पकड मोडण्यास पुरेसा ठरू शकतो. परंतु एक्सलही तितकाच तापला तर हा लाभ नाहीसा होतो. म्हणून उष्णता फक्त नटाला, थोडा वेळ आणि चोहोबाजूंनी फिरवून द्यावी लागते. हे काम अनुभवी वेल्डरनेच करावे.

धोके अनेक आहेत. बेअरिंगचे पोलाद सर्वसाधारणपणे 125 अंशांपलीकडे तापवू नये. आतील ग्रीस आणि रबरी सील त्याआधीच निकामी होऊ लागतात. काही हब ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात. ॲल्युमिनियम 660 अंशांच्या आसपास वितळते आणि वितळण्यापूर्वी लोखंडासारखे लाल होऊन इशारा देत नाही. तेल, रॉकेल किंवा डिझेल मुरविलेल्या नटाजवळ ज्योत नेणे म्हणजे आगीला आमंत्रण. क्लोरीनयुक्त ब्रेक-क्लीनरने धुतलेल्या भागावर ज्योत धरल्यास फॉसजीन हा विषारी वायू निर्माण होऊ शकतो.

कीटकशास्त्रज्ञ या नात्याने एक इशारा अधिक आग्रहाने द्यावासा वाटतो. फवारणी पंपाच्या ट्रॉलीवर कीटकनाशकांचे अवशेष थर धरून बसलेले असतात. ते तापविल्यास विषारी वाफा व धूर निघतात आणि त्वचेवर होणाऱ्या विषबाधेपेक्षा श्वासावाटे होणारी बाधा अधिक वेगाने होते. अशा यंत्रावर ज्योत लावू नये. अन्य उपाय थकलेच, तर संपूर्ण हब साबणाच्या पाण्याने धुवून, कोरडा करून, उघड्या हवेत आणि वाऱ्याच्या दिशेकडे पाठ करून काम करावे. धुतलेले पाणी विहिरीच्या किंवा जनावरांच्या पाणवठ्याच्या बाजूला जाऊ देऊ नये.

त्यागाची मर्यादा आधीच ठरवावी

कीड व्यवस्थापनात आर्थिक नुकसानीची पातळी ही संकल्पना आपल्या परिचयाची आहे. किडीमुळे होणारे नुकसान नियंत्रणाच्या खर्चाइतके होण्याआधी उपाय योजावा, असा तिचा मथितार्थ. जाम झालेल्या नटाबाबत हाच विचार उलट बाजूने करावयाचा असतो. नट स्वस्त असतो आणि कोणत्याही सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. एक्सल महाग असतो, विजय सुपरसारख्या जुन्या वाहनाचा तर सहज मिळतही नाही. म्हणून कामाला आरंभ करतानाच ठरवावे की अमुक प्रयत्नांनंतर नटाचा बळी द्यावयाचा, एक्सलचा नाही.

नट कापण्याची पद्धत सोपी आहे, पण सावधगिरी मागते. नटाच्या एका सपाट बाजूवर एक्सलला समांतर असा छेद ग्राइंडरने किंवा हॅक्सॉने घ्यावा. छेद आट्यांच्या अगदी जवळ येताच थांबावे. आटे कापले जाता कामा नयेत. नंतर छेदात छिन्नी ठेवून हातोडीचा ठोका दिला की नट उकलतो आणि हाताने फिरविण्याइतका सैल होतो. ग्राइंडर चालविताना गॉगल आणि जाड हातमोजे अनिवार्य समजावेत. ठिणग्यांच्या मार्गात पेट्रोलची टाकी, वाळलेला चारा किंवा कडबा नसावा. ज्यांना ग्राइंडरची सवय नाही त्यांनी हे काम कारागिराकडून करवून घ्यावे. ग्रामीण भागात बळी बहुधा उलट दिला जातो. नट वाचविण्याच्या हट्टात एक्सलचे आटे मोडतात आणि मग एक्सल, बेअरिंग, चार दिवस आणि फवारणीची वेळ असे सारेच गमवावे लागते.

नट पुन्हा बसविताना

नट काढणे हे अर्धेच काम होय. उरलेले अर्धे अधिक महत्त्वाचे आहे, कारण न सुटणारा नट खोळंबा करतो, परंतु आपोआप सुटणारा नट चाक निखळवितो.

येथे दोन प्रकारच्या नटांतील भेद ध्यानात घ्यावा. स्कूटर व मोटारीतील नट हब घट्ट आवळून धरण्यासाठी असतो. तो वाहनाच्या पुस्तिकेत दिलेल्या पिळाने, शक्यतो टॉर्क पान्याने आवळावा. ट्रॉली आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांत निमुळत्या रोलर बेअरिंगवरील नट हा बेअरिंगचा ढिलेपणा नियंत्रित करण्यासाठी असतो. तो कचकचून आवळला तर बेअरिंग तापून जळते. चाक हाताने फिरवीत नट घट्ट करावा, मग पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे किंचित मागे घेऊन खाच व छिद्र जुळताच पिन घालावी. चाक मोकळे फिरले पाहिजे, पण हलविल्यास खटखट वाजता कामा नये.

आट्यांना ग्रीसचा पातळ हात द्यावा की नाही, हे पुस्तिकेवर अवलंबून आहे. वंगण लावल्यास घर्षण घटते आणि तेवढ्याच पिळाने नट प्रत्यक्षात अधिक आवळला जातो. स्प्लिट पिन प्रत्येक वेळी नवी घालावी. वाकवून सरळ केलेली जुनी पिन, खिळा किंवा तारेचा तुकडा हा पर्याय नव्हे. कडा दाबून बसविण्याच्या प्रकारातील नटही नवाच वापरावा. पहिल्या 20-25 किलोमीटरच्या प्रवासानंतर हबला हात लावून तो अवाजवी तापला नाही ना, आणि चाकात ढिलेपणा नाही ना, हे पाहावे.

प्रतिबंध

हबवरील टोपी हरवली असेल तर ती त्वरित बसवावी. तिच्याअभावी ओलावा आणि क्षार थेट नटावर येतात. पावसाळ्यापूर्वी वर्षातून एकदा चाके उघडून ग्रीस बदलावे. जो नट दरवर्षी उघडला जातो तो सहसा जाम होत नाही. लखनौकडे 17 सप्टेंबरच्या सुमारास विश्वकर्मा पूजेला आणि आपल्याकडे खंडेनवमीला अवजारांची पूजा होते. हळद-कुंकू वाहण्यापूर्वी प्रत्येक चाकाची पिन, टोपी आणि नटाचा कडकपणा तपासण्याचा प्रघात पाडला तर ऊसतोडणी आणि रब्बीच्या वाहतुकीपूर्वी सारी वाहने आपोआप तपासून होतील.

विस्तार कार्यकर्त्यांना एक सूचना करावीशी वाटते. फवारणी यंत्रांच्या प्रात्यक्षिकांत नोझल व गाळणी यांच्या देखभालीबरोबर चाकाचा हब उघडून दाखविण्यासाठी पंधरा मिनिटे राखून ठेवावीत. अटक कोठे असते, आट्यांची दिशा कशी ओळखावी आणि नट केव्हा कापावा, एवढ्या तीन गोष्टी प्रत्यक्ष पाहिलेला शेतकरी ऐन हंगामात घणाकडे धावणार नाही. त्याची ट्रॉली दुसऱ्या दिवशी शेतात उभी असेल आणि अळी बोंडात शिरण्यापूर्वी त्याची फवारणी पूर्ण झालेली असेल.